अवघड जागेचे दुखणे

‘अवघड जागी दुखणे आणि जावई वैद्य’ ही म्हण निघाली की सभेत हशा पिकतो. पण म्हणीतल्या सासूची स्थिती तशी बरीच बरी म्हणायची. तिला आपले दुखणे काय आहे ते कळले होते, घरात वैद्यही होता. अडचण एवढीच, की त्याला दाखवायचे कसे? आपल्याकडील कितीतरी स्त्रिया आणि पुरुष याच्याही अलीकडे अडून बसलेले असतात. दुखण्याला नाव आहे, ते नाव प्रतिष्ठित आहे, त्यावर औषध आहे, हेच त्यांना ठाऊक नसते. खाज म्हणजे अस्वच्छता, किंवा काहीतरी ‘बाहेरचे’ लागले, या दोन समजुतींच्या मध्ये पाचपाच, दहादहा वर्षे निघून जातात.

या विषयावर मराठीत चारचौघांत बोलण्याची परंपरा अगदीच नाही असे नव्हे. र. धों. कर्वे यांनी १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ चालविले. वाचकांच्या खासगी प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर खटला झाला, आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. तेव्हा आम्ही जे बोलणार आहोत त्याची किंमत आमच्यापूर्वीच कोणीतरी चुकती केलेली आहे. आम्ही त्या मानाने सुखात आहोत. म्हणून आडपडदा न ठेवता, पण सभ्यतेची मर्यादा न सोडता, एका रोगाविषयी सविस्तर बोलावे असा विचार आहे.

या रोगाचे नाव लायकेन स्क्लेरोसस. नाव परके असले तरी त्यातला अर्धा भाग आपल्या स्वयंपाकघरात आहे. गोड्या मसाल्यात आपण जे दगडफूल घालतो, त्याला वनस्पतिशास्त्रात लायकेन म्हणतात. जुने ग्रीक वैद्य अंगावर उठणाऱ्या पुरळालाही तेच नाव देत. स्क्लेरोसस म्हणजे घट्ट, राठ झालेले. १८८५ साली प्रागमधील ब्राइस्की या स्त्रीरोगतज्ज्ञाने या रोगातल्या आक्रसलेल्या योनिमुखाचे वर्णन केले आणि १८८७ साली पॅरिसच्या आलोपो यांनी त्याचे त्वचारोग म्हणून वर्णन केले. पुरुषांतील याच रोगाला १९२८ साली श्ट्यूमर या जर्मन वैद्याने वेगळे लांबलचक नाव दिले. दोन्ही रोग एकच, हे मागाहून ध्यानात आले.

दिसते काय? योनिमुखाच्या आणि गुदद्वाराच्या भोवतालची त्वचा पांढरी पडते. ती पातळ, चुरगाळलेल्या सिगारेटच्या कागदासारखी सुरकुतलेली आणि किंचित चकाकणारी असते. तिला सहज चिरा जातात आणि जरा घर्षण झाले तरी खाली रक्त साकळून जांभळे ठिपके उमटतात. खाज असते ती साधी नव्हे. दिवसा कामाच्या गडबडीत माणूस ती विसरते, पण अंथरुणाला पाठ टेकली की ती डोके वर काढते आणि झोप मोडते.

आपल्या समाजात येथेच एक मोठा घोटाळा होतो. पांढरा डाग दिसला की मनात पहिला शब्द येतो तो ‘कोड’. घरात लग्नाची मुलगी असली तर आई स्वतःचा डाग कोणालाही दाखवीत नाही. आपल्या डागामुळे लेकीचे लग्न अडेल ही भीती तिला खाजेहून मोठी वाटते. वास्तविक कोडात रंग जातो, परंतु त्वचेचा पोत बदलत नाही. ती मऊ राहते, खाज बहुधा नसते, चिरा पडत नाहीत. या रोगात रंगाबरोबर पोतही जातो. कोड असलेल्या माणसाला तरी लपविण्यासारखे काय आहे, हा प्रश्न आम्ही येथे बाजूला ठेवतो. तो स्वतंत्र व्याख्यानाचा विषय आहे.

हा रोग विशेषतः दोन वयांत दिसतो. पाळी गेल्यानंतरच्या स्त्रिया, आणि पाळी येण्यापूर्वीच्या लहान मुली. अर्थात मधल्या वयातही तो होतो, आणि पुरुषांना व मुलग्यांनाही होतो. कारण पूर्णपणे उलगडलेले नसले तरी शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच त्वचेवर उलटते, असा या रोगाचा स्वभाव दिसतो. म्हणूनच अशा स्त्रियांत थायरॉइडचे विकार पुष्कळदा आढळतात. तो संसर्गजन्य नाही. पतीकडून पत्नीला किंवा पत्नीकडून पतीला लागत नाही. वर्तनाशी त्याचा काही संबंध नाही. हे आम्ही मुद्दाम वेगवेगळ्या वाक्यांत सांगत आहोत, कारण घरोघरी या रोगावरून जी भांडणे होतात ती एवढी तीन वाक्ये ठाऊक नसल्यामुळेच होतात.

उपचार न केल्यास रोग जागच्या जागी बसून राहत नाही. हळूहळू व्रण धरत जातो. आतले नाजूक ओष्ठ सपाट होऊन बाजूच्या त्वचेत विरून जातात, योनिमुख अरुंद होते, पतिपत्नीसंबंध वेदनामय आणि पुढे अशक्य होतो. लघवी चिरांवरून गेली की आग होते, म्हणून बाई पाणीच कमी पिऊ लागते. आणि उपचाराविना राहिलेल्या स्त्रियांपैकी काहींना, शंभरात पाचांहून कमी असल्या तरी काहींना, त्याच जागी कर्करोग होतो. भीती घालण्यासाठी आम्ही हे सांगत नाही. हा धोका टाळता येतो, आणि कसा ते पुढे येईल.

आता या दुखण्यावर दुसरे दुखणे कसे चढते ते पाहू. कोकणात पावसाळ्यानंतर भिंतीवर बुरशी धरते. घरधनी ती खरवडतो, वर चुना मारतो, आणि पुढच्या वर्षी ती पुन्हा येते. दोष बुरशीचा नसून भिंतीत मुरलेल्या ओलीचा असतो. रोगट त्वचेचे असेच आहे. धडधाकट त्वचा म्हणजे लिंपून घट्ट केलेली भिंत. चिरा पडल्या, खाजवून साल गेली, की जंतू आत शिरतात. कँडिडा नावाची यीस्टच्या जातीची बुरशी तर आपल्या आतड्यात आणि पुष्कळ निरोगी स्त्रियांच्या योनिमार्गातही गुमान राहत असते. संधी मिळताच ती वाढते. मग लाली, सूज, दह्याच्या कवड्यांसारखा पांढरा स्राव, आणि आगीने भर घातलेली खाज. कधी फोडांतला पू आणि पिवळट खपल्या दिसतात. तेव्हा स्टॅफिलोकॉकससारखे जिवाणू आलेले असतात.

रोगी डॉक्टरांकडे जातो तो बहुधा या दुसऱ्या दुखण्याच्या वेळी. तपासणी अनेकदा होतच नाही. रोगी लाजतो, डॉक्टरही संकोचतात, आणि पडद्याच्या अलीकडूनच चिठ्ठी लिहिली जाते. बुरशीचे औषध मिळते. त्याने बुरशी जाते, खाज निम्मी होते, रोग मात्र तसाच राहतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. अशी पाचसात आवर्तने झाली की रोगी म्हणतो, ‘माझे इन्फेक्शन जातच नाही.’ खरे म्हणजे इन्फेक्शन प्रत्येक वेळी गेलेले असते. ओल मात्र कोणी पाहिलेली नसते.

यात एक खूण अशी आहे, की ती प्रत्येक घरातल्या वडीलधाऱ्या बाईला ठाऊक असावी. कँडिडाला वाढण्यास स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन या द्रव्याची अनुकूलता लागते. पाळी गेल्यावर ते द्रव्य घटते, आणि त्याबरोबर ही बुरशीही विरळ होते. म्हणून साठीच्या बाईला मधुमेह नाही, इस्ट्रोजेनचे औषध चालू नाही, प्रतिजैविकांचा मारा झालेला नाही, आणि तरीही वारंवार ‘बुरशी’ सांगितली जात असेल, तर त्या निदानावर शंका घ्यावी. काचपट्टीवर थोडा स्राव घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की बुरशी आहे की नाही ते बहुधा तेथल्या तेथे कळते. परीक्षा स्वस्त आहे. ती न करता सहा ट्यूब विकत घेणे महाग.

मधुमेहाची गोष्ट निराळी. तेथे लघवीतून साखर जाते आणि बुरशीला आयते अन्न मिळते. पुरुषांत हे विशेष स्पष्ट दिसते. पन्नाशीच्या गृहस्थाची अग्रत्वचा, जी आजवर सहज मागे जात होती, ती एकाएकी घट्ट होते, कडेला उभ्या चिरा पडतात, लाली येते. अशा माणसाने आधी रक्तातील साखर पाहून घ्यावी. कित्येकांचा मधुमेह पहिल्यांदा असाच उघडकीस येतो. यात अलीकडच्या काळाची एक भर आहे. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीच्या मधुमेहाच्या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढून काम करतात. गोळ्या उत्तम आहेत, हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा मोठा आधार आहे. २०२० साली डापाग्लिफ्लोझिनच्या पेटंटची मुदत भारतात संपल्यापासून त्या स्वस्तही झाल्या. परंतु त्या घेणाऱ्यांत जननेंद्रियाच्या बुरशीचे प्रमाण वाढते. म्हणून गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ‘ही गोळी चालू झाल्यापासून तिकडे खाज सुटते’ एवढे वाक्य डॉक्टरांपाशी बोलावे.

असो. मूळ रोगाच्या उपचाराकडे वळू. विसाव्या शतकात बराच काळ या रोगावर शस्त्रक्रिया करीत. कर्करोगाच्या धास्तीने सगळा भागच कापून काढीत, आणि रोग उरलेल्या त्वचेवर पुन्हा उगवे. पुढे टेस्टोस्टेरॉनचे मलम आले. त्याने स्त्रियांना आवाज जाड होणे, लव वाढणे असे नको ते परिणाम सोसावे लागत. १९५२ साली सुल्झबर्गर आणि विटेन यांनी हायड्रोकॉर्टिझोन त्वचेवर लावून पाहिले आणि स्टेरॉइड मलमांचे युग सुरू झाले. तरीही जननेंद्रियाच्या नाजूक जागी तीव्र स्टेरॉइड लावू नये, असेच सर्वजण मानीत. १९९१ साली इंग्लंडमधील डॅल्झिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्लोबेटासॉल हे अत्यंत तीव्र स्टेरॉइड याच रोगावर वापरून त्याचा गुण दाखविला, आणि १९९३ साली इटलीतील चाचणीत ते टेस्टोस्टेरॉनहून सरस ठरले. आज जगभर पहिले औषध तेच आहे.

नेमाची पद्धत अशी : क्लोबेटासॉल ०.०५ टक्के, क्रीम नव्हे तर मलम. क्रीममधील टिकाऊपणाची द्रव्ये चिरांवर झोंबतात. पहिला महिना रोज रात्री एकदा, दुसरा महिना एक दिवसाआड, तिसरा महिना आठवड्यातून दोनदा. मात्रा किती? तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून जेवढी रेघ निघते ती अर्धा ग्रॅम भरते. एका वेळी तेवढी, बहुधा तिच्या निम्मीच, पुरते. तीस ग्रॅमची एक ट्यूब तीन महिने जावी. महिन्याला तीन ट्यूब संपत असतील तर काही चुकते आहे. तीन महिन्यांत निम्मीही संपली नसेल तर बाई भिऊन लावीतच नाही असे समजावे. आमच्या मते दुसरा प्रकार अधिक आढळतो. ट्यूबसोबतच्या कागदावर ‘गुह्य भागी लावू नये’ असे छापलेले असते. डॉक्टर म्हणतात लाव, कागद म्हणतो लावू नको. बाई कागदावर विश्वास ठेवते. त्या छापील सूचनेला हा रोग अपवाद आहे, हे चिठ्ठी देणाऱ्याने तोंडाने सांगितलेच पाहिजे. मलम फक्त पांढऱ्या झालेल्या भागावर, नेमके. आरशात एकदा जागा पाहून घेतल्याशिवाय ते जमत नाही. जांघेत आणि मांडीवर ते पसरले तर तेथली चांगली त्वचा पातळ होते.

येथे कोणी चाणाक्ष श्रोता आम्हांला अडवील. स्टेरॉइड म्हणजे विष, त्यानेच गजकर्ण चिघळते, असे तर त्वचारोगतज्ज्ञ कंठरवाने सांगत असतात! ते खरेच सांगतात. जांघेतल्या गजकर्णावर स्टेरॉइड लावले की चार दिवस खाज थांबते, लाली मावळते आणि आत बुरशी निवांत पसरते. आपल्या देशात स्टेरॉइड, जिवाणूंचे औषध आणि बुरशीचे औषध एकाच ट्यूबमध्ये कोंबलेली मलमे चिठ्ठीशिवाय सर्रास विकली गेली. २०१८ साली केंद्र सरकारने स्टेरॉइडची अनेक मलमे चिठ्ठीविना विकता येणार नाहीत अशा औषधांच्या यादीत घातली. तोवर हट्टी गजकर्णाची साथ देशभर पसरली होती, आणि २०२० साली जपानी संशोधकांनी या नव्या चिवट बुरशीला जे नाव दिले त्यात आपल्या देशाचे नाव गुंफले गेले : ट्रायकोफायटन इंडोटिनी. हा काही अभिमानाचा मान नव्हे.

म्हणजे एकच औषध एका रोगात तारक आणि त्याच्या शेजारच्या, दोन बोटे अंतरावरच्या रोगात मारक. गजकर्णाची कडा उठावदार, गोलाकार, पापुद्र्याची असते आणि ते मांडीकडे सरकते. लायकेन स्क्लेरोसस मध्यभागी, पांढरे, सुरकुतलेले असते. वाचून निदान करण्यासाठी आम्ही ही लक्षणे सांगत नाही. शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब मागून आणू नये, एवढ्यासाठी सांगतो.

मग मूळ रोग आणि संसर्ग दोन्ही एकत्र असतील तेव्हा आधी काय करायचे? हा खरोखर कसबाचा भाग आहे. बुरशी सौम्य असेल तर तिच्यावर क्लोट्रिमॅझोल किंवा फ्लुकोनॅझोलची गोळी देऊन स्टेरॉइड बरोबरीने चालू ठेवता येते. बुरशी जोरात असेल तर एका गोळीने भागत नाही. दर तीन दिवसांनी एक अशा दोनतीन गोळ्या लागतात, आणि गरोदर स्त्रीने किंवा रक्त पातळ ठेवण्याची वॉरफॅरिनसारखी गोळी चालू असलेल्याने ती विचारल्याशिवाय घेऊ नये. पू असेल तर प्रथम जिवाणूंचा बंदोबस्त करून मग स्टेरॉइड. पाण्याच्या बारीक फोडांचा घोस आणि तीव्र वेदना असल्या तर नागिणीच्या कुळातला हर्पिस असू शकतो. तेथे स्टेरॉइड थांबवावे आणि त्याच दिवशी दाखवावे. मात्र प्रत्येक औषध वेगळ्या ट्यूबमध्ये, वेगळ्या हिशेबाने असावे. तिन्ही एकत्र असलेल्या ट्यूबमध्ये कोणाने गुण दिला आणि कोणाने घात केला, हे कोणालाच उमगत नाही.

कधीकधी उलटही घडते. स्टेरॉइड सुरू होते, पंधरा दिवस उतार पडतो, आणि मग खाज पुन्हा वाढते. बाई म्हणते औषध सोसले नाही, आणि सोडून देते. पुष्कळदा तेवढ्यात बुरशीने डोके वर काढलेले असते. तिला आवरले की पहिले औषध पुन्हा काम करू लागते.

औषधाइतकेच महत्त्व धुण्याला, किंबहुना कमी धुण्याला आहे. खाज म्हणजे घाण हा समज मनात बसला की माणूस दिवसातून चार वेळा साबण लावते, डेटॉलचे पाणी घेते, कढत पाण्याने शेकते, पोटॅश परमँगनेटचे खडे टाकते, तुरटी फिरवते, कडुलिंबाचा पाला वाटून लावते. निरोगी त्वचेलाही हे झेपणार नाही. दिवसातून एकदा कोमट साधे पाणी, टिपून कोरडे करणे, आणि वर सुगंध नसलेली पेट्रोलियम जेली. लघवीला जाण्यापूर्वी तिचा पातळ हात फिरवला तर चिरांची आग कमी होते. घट्ट नायलॉनची वस्त्रे टाळावी. या रोगात घर्षणाच्या जागी रोग नव्याने उमटतो. पाळी गेलेल्या स्त्रीला योनिमार्गाचा कोरडेपणा वेगळा असतो. त्यावर इस्ट्रोजेनचे मलम देतात, पण त्याने लायकेन स्क्लेरोसस हटत नाही.

तीन महिन्यांनी खाज गेली की लोक औषध बंद करतात, आणि हाच या उपचारातील सर्वांत नाजूक टप्पा होय. सिडनीतील डॉक्टरांनी २०१५ साली ५०७ स्त्रियांचा अनुभव प्रसिद्ध केला. सांगितल्याप्रमाणे नेमाने औषध चालू ठेवणाऱ्या ३५७ स्त्रियांपैकी एकीलाही त्या जागी कर्करोग किंवा त्याची पूर्वावस्था आढळली नाही. औषधात खाडे करणाऱ्या १५० पैकी ७ जणींना ती आढळली. अशा पाहणीतून कार्यकारणाची अखेरची साक्ष मिळत नाही हे खरे, तरी आकडे बोलके आहेत. म्हणून आठवड्यातून एकदोनदा थोडे मलम वर्षानुवर्षे, आणि वर्षातून निदान एकदा तपासणी. न भरणारी जखम, गाठ किंवा जाड झालेला चट्टा दिसला, की त्वचेचा तुकडा काढून तपासावा लागतो. त्याला वेळ लावू नये.

पुरुषांत हेच मलम पहिला उपाय. अग्रत्वचा मागे सरेनाशी झाली आणि मलमाने सैल पडली नाही तर सुंता करावी लागते, आणि तीत पुष्कळांचा रोग कायमचा जातो. काढलेली त्वचा तपासणीस पाठवावी. लघवीची धार बारीक झाली, फाटू लागली, तर मूत्रद्वार आवळत चालले आहे. ते दुर्लक्षून चालत नाही.

लहान मुलीत हा रोग वेगळ्याच रूपाने समोर येतो. शौचाला चिरा दुखतात म्हणून पोर शौच रोखते, आणि घरचे बद्धकोष्ठाचे औषध देत राहतात. त्वचेखाली साकळलेले रक्त पाहून अत्याचाराची शंका येते. ती शंका घेणे योग्यच आहे, मुलीच्या हितासाठी ती घेतलीच पाहिजे. परंतु निरपराध माणसावर ठपका ठेवण्यापूर्वी त्वचारोगाच्या जाणकाराने ती जागा पाहिलेली असावी. आणि रोग आढळला म्हणून अत्याचार झालाच नसेल, असेही गृहीत धरू नये. दोन्ही गोष्टी तपासाव्या.

राहता राहिला प्रश्न म्हणीतल्या जावयाचा. गावातला डॉक्टर नात्यातला, ओळखीचा असेल तर दुसऱ्या गावी जावे. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग असतो. स्त्री डॉक्टर हवी असे सांगायला कोणत्याही स्त्रीने संकोचू नये. तोंडाने सांगवत नसेल तर कागदावर चार ओळी लिहून पुढे ठेवाव्या : खाज किती महिन्यांची, रात्री जाग येते का, पांढरे दिसते का, साखर आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत. आजवर लावलेल्या साऱ्या ट्यूब, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्याव्या. आणि दाखवायला जायच्या दिवशी सकाळी तेथे काही लावू नये, म्हणजे त्वचा आहे तशी दिसते.